पिंपळकरांचं मीटर

शेखर वानखेडे नावाच्या माणसाला रायपूरच्या तात्यापाऱ्यात कोणी ओळखत नव्हतं, आणि तो तिथं सहा वर्षं राहत होता. पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, ओळखायचा तो पिंपळकरांना. खरे पिंपळकर म्हणजे घरमालक नाना. ते नागपूरला मुलाकडे खुशाल झोपाळ्यावर बसलेले. पण विजेचं मीटर त्यांच्या नावावर, नळ त्यांच्या नावावर, टेलिफोनही त्यांचाच, आणि दाराशेजारची संगमरवरी पाटीही त्यांचीच. तेव्हा आत जो मराठी माणूस राहतो तो पिंपळकरच असणार, असं पाऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं.

याची सुरुवात राज्य नवं झालं तेव्हाची. भोपाळच्या कचेरीतून फायली, टेबलं आणि त्यांच्यामागे शेखरसारखे बाबू रायपूरला येऊन पडले. गाव राजधानी झालं आणि घरमालक एका रात्रीत राजे झाले. शेखर महिनाभर स्टेशनमागच्या गुढ़ियारीपासून गावभर घर शोधत वणवण फिरला. शेवटी नानांनी, आपल्याकडचा माणूस म्हणून, दोन खोल्या दिल्या.

"बिलं तुम्ही भरा, पण नाव माझंच राहील," नाना म्हणाले. "अन् भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

बिल भाडेकरूच्या नावावर गेलं की मागोमाग घरही जातं, अशी त्यांची पक्की समजूत. शेखरला वाटलं, बिलावर कोणाचं का नाव असेना, पंखा तर आपल्या डोक्यावर फिरणार आहे. इथंच तो फसला.

कारण बिल भरताना वीज कचेरीच्या खिडकीतला माणूस तुम्हाला नाव विचारत नाही. पैसे कोणाचेही चालतात. पण तार तुटली म्हणून सांगायला गेलात की विचारतो, "आप कौन?" भाडेकरू म्हटलं की, "उपभोक्ता को भेजिए." उपभोक्ता, म्हणजे ज्याच्या नावावर मीटर तो, नागपूरला. त्याला फोन करावा तर तो म्हणणार, "राहता तुम्ही, मग बघाही तुम्हीच." म्हणजे भरायचं वानखेड्यांनी आणि बोलायचं पिंपळकरांनी! हा कुठला न्याय, हे शेखरनं कचेरीत, बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत, जो भेटेल त्याला विचारलं. लोक मान हलवायचे आणि हळूच विषय बदलायचे.

मग एका उन्हाळ्यात त्याची बायको पूर्णिमा तापानं फणफणलेली, घरात वीज नाही, आणि शेखर त्याच खिडकीशी तिसऱ्यांदा उभा. "नाम?" आतून आवाज आला. शेखरनं दातओठ खाल्ले आणि म्हटलं, "पिंपळकर." त्याचा घाम वाळायच्या आत शिडी घेऊन माणूस हजर झाला.

तेव्हापासून हीच वहिवाट पडली. नळाचं पाणी गढूळ आलं, पिंपळकर. फोन मुका झाला, पिंपळकर. कोपऱ्यावर कपडे इस्त्री करणारा राकेश तर त्याला "पिंपलकर भैया" शिवाय हाकच मारत नसे. सुरुवातीला शेखरनं सगळ्यांची चूक सुधारून पाहिली, नंतर त्यानं हात टेकले. पण आतून तो धुमसत असायचा. स्वतःच्या घरात आपण दुसऱ्याच्या नावानं जगतो आहोत, याचा त्याला मनापासून संताप यायचा आणि बायकोवर निघायचा.

त्याच्या मनात दुसरा एक सल होता, तो मोठ्या भावाचा. गोंदियाचे तुळशीरामदादा. वडील गेल्यावर त्यांनीच शेखरला वाढवलं, शिकवलं. राज्य बदललं त्याच धावपळीत दादांच्या लेकीचं, लताचं लग्न आलं, आणि शेखर घर शोधत राहिला, गेला नाही. दादांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. अखेर त्या वैशाखात पूर्णिमानंच धीर करून पत्र लिहिलं, एकदा घर बघायला या म्हणून. खाली पत्ता घातला: शेखर वानखेडे, द्वारा पिंपळकर, तात्यापारा.

'द्वारा' वाचून शेखर उसळला. "मी काय कोनाच्या द्वारा राहून राहिलो? भाडं मी देतो, बिल मी भरतो!" त्यानं तेवढे दोन शब्द खसाखसा खोडले आणि पत्र पेटीत टाकलं.

लताचा फोन आला. "काका, बाबा रविवारी येऊन राहिले. गाडी कोनती ते मले बी नाही सांगितलं. पन काका, घरीच राहजा. आता नाही भेटलात तर पुन्हा नाही येनार ते."

शेखरनं रविवारी सकाळीच दाढी केली, खाटेवर नवी चादर टाकली. दहाच्या सुमारास वीज गेली. बाहेर ऊन रणरणत होतं. साठीचे दादा येणार, तेही सहा वर्षांनी, आणि त्यांना घामाघूम बसवायचं? शेखरनं फोन उचलला तर तोही बंद. चडफडत त्यानं स्कूटर काढली, खिडकीशी गेला, पिंपळकर झाला आणि माणूस घेऊनच परतला. पंखा फिरला. तो विजयी मुद्रेनं कोपऱ्यावर पान खायला आला, तसा राकेश इस्त्री थांबवून म्हणाला, "पिंपलकर भैया, एक बाबा आए रहिन. कोनो वानखेड़े ला पूछत रहिन."

शेखरच्या तोंडचं पाणी पळालं. "मग?"

"मैं बोला, यहाँ वानखेड़े कोई नहीं. इस गली में मराठी एक ही घर है, पिंपलकर भैया का. पाटी भी दिखा दी. बाबा बहुत देर पाटी देखते रहे. हाथ में अचार की बरनी थी. फिर टेसन का रस्ता पूछा."

राकेशनं किती आपुलकीनं सांगितलं! त्याला रागवायचं तरी कशावर? आत पूर्णिमा स्वयंपाकात होती, तिला काही ऐकूही आलं नव्हतं. शेखरनं स्कूटर स्टेशनकडे पिटाळली. फलाटावर ही गर्दी. गोंदियाकडची गाडी लागायची होती. तो चौकशीच्या खिडकीशी धापा टाकत पोचला. "अनाउन्समेंट करायची आहे, करानी है! तुळशीराम वानखेडे, गोंदियावाले. मेरे बड़े भाई हैं."

"बुलाने वाले का नाम?" आतून आवाज आला.

"पिंपळकर," शेखर म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याला भोंगा घुमल्यावर कळलं. सगळ्या स्टेशनभर कोणी बाई गोड आवाजात सांगत होती, की गोंदियाचे तुलसीराम वानखेड़े, आपके भाई पिंपलकर आपका इंतज़ार कर रहे हैं. शेखरनं कपाळावर हात मारून घेतला. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

गर्दीतून दादा आले. टोपी, धोतर, काखेत लोणच्याची बरणी. समोर येऊन उभे राहिले.

"म्या म्हटलं, पाहू तरी हा माहा भाऊ पिंपळकर कोन हाये ते," दादा म्हणाले. "पोरीच्या लग्नाले नाही आला, ते म्या सोसलं. पन आपल्या बाबाचं नाव बी टाकलं का बे?"

शेखरनं सगळं भडाभडा सांगितलं. मीटर, नळ, फोन, खिळा, उपभोक्ता. दादा ऐकत होते.

"बिल कोन भरते?"

"मीच."

"मंग नाव काहून त्याचं सांगतो?"

"नाही सांगितलं तर लाइट येत नाही, दादा!"

गाडी आली आणि गेली, दादा चढले नाहीत. पण स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत त्यांनी शेखरच्या खांद्याला हात लावला नाही.

संध्याकाळी जेवणं झाली, लोणच्याची तारीफ झाली, तरी दादांचा चेहरा मोकळा होईना. तेवढ्यात पंखा मंद झाला, थांबला. पुन्हा अंधार. फोन मात्र आता सुरू झाला होता. पूर्णिमा सवयीनं म्हणाली, "लावा ना फोन. पिंपळकर बोलतो म्हनून सांगा."

शेखरनं नंबर फिरवला. दादा खाटेवरून बघत होते.

"नाम?"

शेखरनं दादांकडे पाहिलं. "वानखेडे. शेखर वानखेडे. किरायेदार."

"उपभोक्ता को बोलिए, फोन करे," म्हणून पलीकडच्यानं फोन ठेवून दिला.

शेखर रिसीव्हर हातात घेऊन तसाच उभा राहिला. घरात उकाडा दाटला होता. दादांनी कोपऱ्यातला सुपाएवढा हातपंखा उचलला, खाटेवर सरकून जागा केली आणि दोघांना वारा घालत म्हणाले, "ये, बस इथं. मीटर त्याचं असू दे. घाम तर वानखेड्याचाच हाये."