अठ्ठेचाळीस आकड्यांचं श्रुतलेखन

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पांढुर्ण्याला राहते. तिगावच्या प्राथमिक शाळेत तिने सगळी नोकरी काढली आणि तिथूनच निवृत्त झाली. मी सौंसरला कॉलेजच्या ऑफिसात कारकून. कॉम्प्युटरचं काही अडलं की ती मलाच फोन करते, कारण लॅपटॉप तिला मीच घेऊन दिला होता, सहा वर्षांपूर्वी.

त्या शनिवारी तिचा फोन आला. लॅपटॉप नवीन सिस्टीम टाकू का म्हणून विचारत होता. मी कामात होतो. "कर ना मग. एवढं काय विचारून राहिली?" म्हणालो आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी पुन्हा फोन. आवाज एकदम बारीक.

"अरे, निळा पडदा आला रे. पुढेच जात नाही. चाबी मागून राहिला तो. कोणती चाबी?"

"बंद करून पुन्हा चालू कर."

"पाच वेळा केलं. तुझ्या भाऊजींनी पण करून पाहिलं." मग म्हणाली, "माझी वाक्यं आहेत त्यात."

ती वाक्यं मला ठाऊक होती. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना एखादं वाक्य आवडलं की ताई ते वेगळ्या वहीत उतरवून घ्यायची. तीसेक वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. दोन वर्षांपूर्वी कपाटाला उधई लागली, वह्यांची पानं खाऊ लागली, तेव्हा तिने एकेका बोटाने टाइप करून सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि वह्या फेकून दिल्या. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं आहे का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. शनिवारी तरी विचारायला हवं होतं. मी नऊची बस पकडली.

पोचलो तेव्हा ती पदर खोचून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, की अठ्ठेचाळीस आकड्यांची चाबी टाका. मीही उगाच दोन-चार बटणं दाबून पाहिली. काही होईना. तेव्हा आम्ही लॅपटॉप उशीच्या खोळीत घालून बसस्टँडजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत गृहस्थ. पडदा बघून म्हणाला, "मॅडम, मशीन चांगली आहे. अपग्रेड झाल्यावर कुलूप लागून गेलं. चाबी नसेल तर सगळं साफ करून नवीन टाकून देतो. तासाभरात चालू."

"साफ म्हणजे?"

"आतलं सगळं जाईल."

ताईने लॅपटॉप उचलला आणि छातीशी धरला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बघत राहिली. "मग राहू द्या बंदच," ती म्हणाली. "बंद असला तरी आत आहे तर खरं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. दुकानदाराने हळूच तिच्या हातातून तो परत घेतला, चष्मा वर केला आणि पडद्याच्या खालच्या ओळीत बघून म्हणाला, "थांबा. चाबी ज्या ईमेल खात्यात जमा आहे त्याची पहिली अक्षरं आहेत इथे. हे खातं कोणाचं आहे?"

अक्षरं माझ्या नावाची होती. लॅपटॉप घेतला त्या दिवशी, परतीची बस गाठायच्या घाईत, मी तिच्या नावाने खातं न उघडता माझंच एक जुनं खातं त्यात टाकलं होतं. मग ते साफ विसरलो. तिच्या लॅपटॉपची चाबी सहा वर्षं माझ्याकडेच पडून होती.

"पासवर्ड काय आहे?" दुकानदाराने विचारलं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

ताई माझ्याकडे बघत होती. "तू मले तेव्हा काहीतरी लिहून घे म्हणाला होता. ते नाही चालणार काय?"

"कुठे आहे ते?"

"माझ्या शाळेच्या डायरीत. पण सगळे चाबी म्हणून राहिले, तर मले वाटलं हे दुसरंच काही असेल."

आम्ही घरी आलो. डायरीच्या शेवटच्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात पासवर्ड होता, खाली लाल शाईची रेघ. मी मोबाइलवर खातं उघडलं. खात्री करायला एक कोड आला, तोही टाकला. आणि समोर आठ गटांत ते आकडे आले, एकेका गटात सहा.

मी मोबाइल बघत बघत टाकायला लागलो तर ताईने तो काढून घेतला. "तू घाई करतो. मी सांगते, तू लिही."

खुर्ची ओढून ती ताठ बसली. तिचा आवाजच बदलला. एकेक आकडा सुटा, मध्ये थांबून. "चार. शून्य. सात. लिहिलं?"

"लिहिलं."

"परत म्हण."

"चार, शून्य, सात."

चौथ्या गटाशी लॅपटॉपने नकार दिला. मी एक आकडा चुकीचा टाकला होता. "काहून रे, लक्ष कुठे आहे तुझं?" ती म्हणाली. दारात उभे असलेले भाऊजी हसले. लहानपणी ओसरीवर बसवून ती माझ्याकडून पाढे घ्यायची, तेव्हाही हेच वाक्य असायचं. मी पन्नाशीचा माणूस, मुकाट्याने ओळ खोडून पुन्हा लिहायला लागलो.

शेवटचा आकडा टाकला. पडदा काळा झाला. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला, चांगलाच घट्ट. मग एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि तिचा नेहमीचा पडदा समोर आला. तिने पदराने तोंड पुसलं, पुढे सरकली आणि आधी ती फाइल उघडली. वाक्यं होती. सगळी होती.

मी दोन पेनड्राइव्हवर ती उतरवली, तिच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. हे सगळं करताना म्हणालो, "ताई, चूक माझी होती."

"होती तर," ती म्हणाली. "आता ऐक."

आणि वाचायला लागली. एका मुलीने 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं, 'माझी आई बगीच्यात संत्री तोडते, सुटीच्या दिवशी पण तिच्या हाताला संत्र्याचा वास येते.' एका मुलाने लिहिलं होतं, 'आमच्या गावातून रेल्वे जाते पण ती आम्हाला ओळखत नाही.' तिसऱ्याने, 'कापूस हलका असते पण माझे बाबा तो उचलून थकतात.' प्रत्येक वाक्यानंतर ती सांगायची, हा कुठे बसायचा, हिचं आता कुठे लग्न झालं, हा रोज उशिरा यायचा.

"व्याकरण नाही दुरुस्त केलं तू?" मी विचारलं.

"वहीत केलं. इथे नाही."

पाचची बस मी सोडली. सहाचीही सोडली. भाऊजींनी मध्येच चहा आणून ठेवला आणि तेही खुर्ची ओढून बसले.