सेंडऑफच्या आठवड्यातली थंड बॅच

टेंपरेचर वर जायला हवं होतं. ते जात नव्हतं.

दुपारची शिफ्ट होती. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत मी शिफ्ट इन्चार्ज होते. कंट्रोल रूममध्ये उभी राहून स्क्रीनकडे बघत होते. रिॲक्टरमध्ये ॲसिड पडत होतं आणि आत काहीच घडत नव्हतं. ऑपरेटर भोईर मात्र खुशीत होते.

"मॅडम, आज बॅच एकदम शांत आहे बघा. तुम्ही चाललात म्हणून त्रास देत नाय."

मी आणि माझा नवरा मिलिंद, दोघांनीही राजीनामा दिलेला. मिलिंद त्याच कंपनीत मेंटेनन्सला. नोटीस पिरियडचा शेवटचा आठवडा चालू होता. नंतर जग बघायला निघायचं, अंगात ताकद आहे तोवर फिरायचं, असं ठरलेलं. पहिलं विमान जॉर्जियाचं. कोपरचा फ्लॅट भाड्याने दिलेला, सामान मोहन्याला आईकडे नेऊन टाकलेलं. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. माझे वडील मोहन्यात रेयॉनच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर घराचं काय झालं ते तिने सोसलेलं. "लोकांची नोकरी जाते, आणि तुम्ही हातची सोडताय," एवढंच ती म्हणायची. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. पन्नाशीत परत आल्यावर कोण विचारणार? पण त्या दुपारनंतर ती भीती मला फार साधी वाटायला लागली.

रिॲक्टर म्हणजे दोन मजल्यांमध्ये बसवलेलं भलंमोठं बंद पातेलं. आत एक द्रव असतो, त्यात वरून हळूहळू ॲसिड सोडायचं. दोन्ही एकत्र आले की भरपूर उष्णता निघते. म्हणून पातेल्याभोवती थंड पाणी खेळवतात आणि आत ढवळायला पंखा असतो. त्याला ॲजिटेटर म्हणतात. तो नसेल तर ॲसिड जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं, मिसळत नाही. तेव्हा ॲसिड पडतंय आणि तरी टेंपरेचर वाढत नाही, याचा अर्थ एकच. आत न वापरलेलं ॲसिड साठत चाललंय.

"भोईर, ॲजिटेटर?"

"चालू आहे ना मॅडम. हिरवा दिवा आहे."

मी मोटरचा करंट बघितला. नेहमीच्या निम्मासुद्धा नव्हता. मोटर फिरत होती, पण तिला ओझंच नव्हतं. तिच्याखालचा पंख्याचा दांडा सुटला असणार.

"ॲसिडचं फीड बंद करा. मोटर पण बंद. आणि ती पुन्हा कुणीही चालू करायची नाही."

प्लांट मॅनेजर राणे साहेबांना फोन लावून ॲजिटेटरचं सांगितलं.

"अहो, अडकलं असेल कुठेतरी. मोटर दोनदा ऑन-ऑफ करून बघा."

"साहेब, चुकून दांडा मोटरला पुन्हा अडकला आणि ढवळलं गेलं, तर साठलेलं सगळं ॲसिड एकदम रिॲक्ट होईल. रिॲक्टर फुटेल."

"मग काय, बॅच फेकायची?"

"डम्प करायची. दुसरा उपाय नाही."

"मॅडम, तुम्ही चाललात. जाता जाता नुकसान करून जाऊ नका."

मी उत्तर देणार तेवढ्यात स्क्रीनवरचा आकडा हलला. एक डिग्री वर. मग आणखी एक. फीड बंद होतं, ढवळणं बंद होतं, थंड पाणी पूर्ण सोडलेलं होतं आणि तरी टेंपरेचर चढत होतं. जिथे दोन थर एकमेकांना टेकले होते, तिथे रिॲक्शन आपणहून सुरू झाली होती.

मी फोन ठेवला आणि सायरन दाबला.

खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसत होती. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे बिल्डिंगी. गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेले. एका गॅलरीत एक बाई सायरन ऐकून बाहेर आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. आत जा, खिडकीपासून लांब हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं. ऐकू जाणार नव्हतं.

डम्प म्हणजे रिॲक्टरच्या तळाचा व्हॉल्व उघडून सगळा माल खालच्या थंड पाण्याच्या टँकमध्ये सोडायचा. बॅच वाया जाते, प्लांट वाचतो. मी बटण दाबलं. व्हॉल्व उघडला नाही. पुन्हा दाबलं. नाही.

वॉकीटॉकीवर मिलिंदचा आवाज आला. "मॅडम, व्हॉल्व उघडणारी हवेची लाईन फुटलीये. हातानेच उघडावा लागेल. भिंतीमागे चाक आहे, मी उघडतो."

बाकीचे सगळे गेटजवळ जमले होते. ते चाक तळमजल्यावर, काँक्रीटच्या आडभिंतीमागे. पण भिंत कितपत टिकेल हे कुणी पारखलेलं नव्हतं. सायरननंतर इन्चार्जच्या परवानगीशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम. इन्चार्ज मी.

मी वॉकीटॉकीच्या बटणावर अंगठा ठेवला, दाबला नाही. भोईर माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे.

वॉकीटॉकीवर मिलिंद पुन्हा म्हणाला, "मॅडम, सांगा."

आकडा आणखी वर सरकला.

"कविता, सांग."

कंपनीत त्याने मला कधी नावाने हाक मारली नव्हती.

"जा," मी म्हणाले.

मग शेजारी वळून म्हणाले, "भोईर, तुम्ही गेटवर जा."

"नाय मॅडम. तुम्ही एकट्या कशा?" ते हलले नाहीत.

वॉकीटॉकीवर आधी त्याच्या बुटांचा आवाज, मग धाप. "जाम झालंय. फिरत नाहीये." आकडा आता भराभर चढत होता. रिॲक्टर गुरगुरायला लागला होता, ते पायाखालच्या लादीत जाणवत होतं. मी बटण दाबून बोलले, "मिलिंद, सोड. बाहेर ये." उत्तर आलं नाही. पुन्हा बोलले. मग ओरडले. भोईरनी हळूच माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतला, कारण मी बटण सोडतच नव्हते आणि त्यामुळे त्याचा आवाज येऊ शकत नव्हता.

मग खालून धबधब्यासारखा आवाज आला. रिॲक्टरची लेव्हल उतरायला लागली. टँकमधून वाफेचा लोट उठला आणि खिडकीतून काही दिसेनासं झालं.

मिलिंद चालत बाहेर आला. हेल्मेट कुठेतरी पडलेलं, दोन्ही तळवे सोलवटलेले. मी जिना उतरून गेले, पण त्याला हात लावायचं धाडस झालं नाही. तो म्हणाला, "पाणी दे."

पुढे रिॲक्टर उघडला तेव्हा दांडा पंख्यासकट मोटरच्या जोडात अर्धवट लटकलेला सापडला. राणे साहेबांनी तो बराच वेळ बघितला. "बरं झालं मोटर चालू नाही केली," एवढं बोलून गेले. चौकशी समितीतल्या एकाने मला विचारलं, "तो तुमचा नवरा होता म्हणून पाठवलंत, की असूनही पाठवलंत?" मी म्हणाले, "तो ड्युटीवर होता." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

चौकशीत आमचं विमान चुकलं. आईला सगळं कळलं तेव्हा ती आधी खूप रडली, मग म्हणाली, "जा बाई, लवकर जा तुम्ही."

आम्ही नंतर निघालो. जॉर्जियातून आर्मेनियाला जाताना बसमध्ये, खिडकीबाहेर डोंगर बघता बघता मिलिंदने अचानक विचारलं, "त्या दिवशी 'जा' म्हणायला एवढा वेळ का लावलास?"

"घाबरले होते."

"मी पण," तो म्हणाला. "तू नको म्हणशील, याची वाट बघत होतो."

परवानगी मागणाऱ्या माणसाला दर वेळी हो ऐकायचं असतंच असं नाही. इतक्या वर्षांच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि तेव्हा माहीत असतं, तरी मी 'जा'च म्हणाले असते.