अप्पारावांनी खोडलेली रीडिंगं

अप्पारावांच्या हाताला चितेगावच्या त्या कंपनीत तोड नव्हती. केसाहून बारीक धागा, तोही काचेच्या नाहीतर सिरॅमिकच्या ठोकळ्यात अर्धा रुतवलेला. तो मशीनच्या चिमट्यात धरून ओढायचा आणि किती जोर लावल्यावर सुटला किंवा तुटला ते लिहायचं. हे काम वर्षभरापूर्वीच मिळालेलं. त्याआधीची वीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवण्यात गेली. धागा सुटला की माल भंगार, एवढं तिथं अंगात मुरलं होतं.

नवी इंजिनिअर संध्या मुकुंदवाडीत त्यांच्याच गल्लीत राहायची. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून घरच्या गोष्टी सांगायची. तिनं सिरॅमिकमध्ये रुतवायच्या धाग्यांसाठी एक लेप तयार केला होता. तो साधला तर नोकरी कायम होणार होती. पण ज्याची सॅम्पलं त्यानं मशीनकडं फिरकायचं नाही की त्यावर बोलायचं नाही, असा कंपनीचा दंडक.

तपासणीत बारातले नऊ धागे अलगद सरकत बाहेर आले. पोरीचं कसं होणार? अप्पारावांनी ती नऊ रीडिंगं ‘धागा चिमट्यातून निसटला’ असा शेरा मारून खोडली आणि घट्ट राहून तुटलेली तीन तेवढी वर पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि वर समाधानानं चहा प्यायले!

लेप नापास झाला. संध्या कन्नडला आईवडिलांकडं गेली, शाळेत शिकवू लागली. आपलं झाकणं कमी पडलं, असंच अप्पारावांना वाटत राहिलं.

दोन वर्षांनी नवे साहेब बोलता बोलता म्हणाले, “सिरॅमिक ठिसूळ असतं, अप्पाराव. धागा फार घट्ट चिकटला तर तडा त्यालाही तोडून आरपार जातो. सरकला तर तडा अडतो. तो सरकायलाच हवा.”

अप्पारावांना ते नऊ धागे आठवले. इतके दिवस हे कुणाला विचारायला त्यांना तोंड नव्हतं का?

दुपारच्या सुट्टीत त्यांनी संध्याला फोन लावून सगळं सांगितलं.

“पोरी, लई मोठी चूक झाली गं. तुझं भलं कराया गेलो.”



“किती सुटले होते, काका?”

“नऊ.”

“म्हणजे जमलं होतं मला,” ती म्हणाली. “माझ्या वह्या मी बंबात घातल्या, काका. लेपाची प्रमाणं काहीच आठवत नाहीत आता.”