तीन शिंगांच्या हरणांचं सुतक

आख्ख्या सोलापुरात आमच्या शेजारच्या नक्षीवाल्या काकांइतका गरीब स्वभावाचा माणूस नव्हता, आणि मला आयुष्यातले सगळे जबर धक्के त्यांनीच दिले. चादरींच्या कारखान्यात ते नक्षी काढत. चौकटीच्या कागदावर ते मोर रंगवत, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडत आणि मागावर तोच मोर उतरे. घरी बायको नाही, मूल नाही. जेवताना भाकरी कडेकडेने कुरतडून तिचा हत्ती करत आणि मग सोंडेपासून खायला लागत. बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्यावर बोटाने चौकटी आखत. मी शाळामास्तर; माझा शाळेत जायचा इस्त्रीचा सदरा त्यातून कधी सुटला नाही.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. मंगळवार बाजारातल्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. आत हरणासारख्या एका खूरवाल्या प्राण्याचं चित्र होतं. डोळ्यांवर दोन शिंगं आणि डोक्याच्या मागे तिसरं! "मास्तर, वाचा की, काय लिवलंय?" मी वाचून सांगितलं, की यांची मोठी जमात होती, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाली, एकही उरला नाही. काका उठले, नळाखाली गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर बादली ओतून घेतली. मी हादरलोच.

"अहो काका, हे काय?"

"सुतक. उशिरा कळलं की अंघोळीवर भागतंय."

"पण ती हरणं तुमची कोण लागत होती?"

"कुणीच न्हाय. पर मागं कुणी ऱ्हायलंच न्हाय त्येंच्या. मग अंघोळ कुणी करायची?"

पुढचा धक्का महिन्याभराने बसला. कारखान्यात मालकांनी नवी चादर उलगडली, तर मोराच्या जागी तेच तीन शिंगांचं ध्यान. मालक ओरडले, "ह्यो राक्षस कोण अंथरणार?" काका शांतपणे म्हणाले, "मोर अजून हाईत, मालक. ह्येंला कुटं बघायचं?" मालकांनी बजावलं, पुठ्ठे मोडून पुन्हा मोर लाव, नाहीतर घरी बस. काका घरी बसले! वीस वर्षांची नोकरी एका मेलेल्या जनावरापायी! मी त्यांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी ती एकुलती एक चादर माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडं असू द्या, मास्तर. सोलापूरची हाय, लवकर मरायची न्हाय."

नंतर ते दुधनीला दुकानांच्या पाट्या रंगवायला गेले. दोन वर्षांनी तिथल्या एका दुकानदाराचं कार्ड आलं. काका वारून महिना होऊन गेला होता.

मी शाळेला निघालो होतो, अंगात इस्त्रीचा सदरा होता. तसाच नळाखाली गेलो आणि डोक्यावर बादली ओतली. बायको धावत आली. "अहो, ते आपले कोण लागत होते?" उत्तर मला पाठ होतं. ती आत गेली आणि ती तीन शिंगांच्या हरणाची चादर आणून माझ्या अंगावर टाकली.