वाट चुकण्याखेरीज काहीही

जळगावच्या बसमध्ये सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, तेव्हा मला कॉलेजच्या दिवसांतली शिरपूर-धुळे बस आठवते. त्या उन्हाळ्यात सातपुड्यात ट्रेकला गेलेली तीन मुलं मेलेली सापडली होती. कशामुळे, ते कळलंच नाही. बसमध्ये रोज त्यावरून वाद रंगायचा.

टोपीवाले एक आबा त्यात सगळ्यांत पुढे. पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं वाजवत बोलायचे. कधी बिबट्या म्हणायचे, कधी आणखी काही. कुणी “पोरं वाट चुकली” म्हटलं, की मात्र उसळायचे.

“आबा, काल तर मधमाश्या व्हत्यात! आज बिबट्या कोठून उना?” कंडक्टर चिडवायचा.

एकदा ते माझ्या शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, “आमना गाववरूनच गयात त्या पोरं. वाट मीच दाखाडी व्हती, बेटा.”



दुसऱ्या दिवशी मागून कुणीतरी म्हणालं, “वाटच चुकली असतील.” आबा या वेळी उसळले नाहीत.

“ऊन लागलं असेल त्यांना,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यांदा, की सगळी बस वळून बघायला लागली. आबा तेवढे खिडकीबाहेर बघत राहिले, धुळे येईपर्यंत.