पॉवर सप्लायवरचा मोर

आमच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नेवाशातल्या टेम्पो रंगवणाऱ्या पेंटरने रंगवला होता.

ही गेल्यावर आमच्या लेकीने, मृण्मयीने, पुण्याहून मला कॉम्प्युटर आणून दिला. एका बाजूने काच, आतलं सगळं दिसणारा. (घरात बघायला दुसरं होतंच कोण!) दर रविवारी अकराला ती त्यावर दिसायची. तीन मिनिटं. "बाबा, गोळ्या घेतल्या? जेवण? बरं, ठेवते." त्या तीन मिनिटांसाठी मी दाढी करायचो.

तिनाची सहा करायची तर बोलायला काहीतरी हवं! काचेतून पॉवर सप्लायचा मळकट डबा दिसायचा. ठरवलं, याला नटवायचा. वायर काढली, स्क्रू काढले आणि डब्याचं पत्र्याचं झाकण घेऊन बबन पेंटरकडे गेलो.

"यावर मोर काढ."

"काढतो सर, पन पत्रा लई खराब हाय. तुमी जावा, मी बघतो."

दोन दिवसांनी झाकण मिळालं. काय मोर होता! खाली 'शुभ प्रवास'सुद्धा!

"आन् सर, समदीकडं भोकंच भोकं हुती. लांबी भरून बुजवली. आता हात फिरवून बगा."

पत्र्याला भोक दिसलं की लांबी भरायची, हा बबनचा धर्म. आणि मी, छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, हात फिरवून "वा!" म्हणालो!

झाकण परत बसवलं आणि रविवारी कॅमेरा काचेकडे वळवला. मृण्मयी आई गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली. "बाबा, शुभ प्रवास काय!" सहा मिनिटं झाली, दहा, पंधरा... विसाव्या मिनिटाला मोराच्या मागून धूर निघाला.

"बाबा, धूर!"

पडदा काळा. मी बटण बंद केलं आणि कॉम्प्युटर उचलून अंगणात नेला. मोबाईलचा आवाज बंद होता. (एरवीही कोण फोन करतं!) सतरा मिस्ड कॉल मला दिसले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मृण्मयी दारात उभी होती.

"बाबा, ती भोकं हवेसाठी असतात!" एवढं ओरडली आणि रडायलाच लागली.

दोन दिवस राहिली. पिठलं केलं, नवा पॉवर सप्लाय बसवला, कॉम्प्युटर पुन्हा उघडायचा नाही अशी मला शपथ घातली. तिची गाडी कोपऱ्यावर वळली आणि घर पुन्हा गप्प झालं. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू. तडक बबनकडे गेलो.

"बबन, फ्रिजच्या मागे एक जाळी असते बघ. तिलाही भोकं आहेत..."

बबनने ब्रश खाली ठेवला. "सर, त्यापरीस ताईला सरळ म्हना की, ये म्हून."

छत्तीस वर्षं वर्गात ओरडत होतो, अडलं तर सरळ विचारा रे! नेमका तोच धडा मास्तरांचा कच्चा राहिला!