टेकडीवरच्या ऑपेराचा कोरस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला राहायला आलो. माझी बायको नागपूरची, बुद्धविहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत गात वाढलेली. इथल्या मराठी मंडळात एका काकूंनी विचारलं, "काय गातेस गं तू?" तिनं सांगितलं. काकूंनी हातातली यादी उलटली. मग म्हणाल्या, "बरं. दिवाळीला पुऱ्या लाटायला येशील? हात कमी पडतात." त्यानंतर ती मंडळात गेली नाही.

तासाभराच्या ड्राइव्हवर, एका टेकडीवर, एका म्हाताऱ्या विधवेची इस्टेट होती. नवरा गेल्यावर रिकामं घर खायला उठतं म्हणून तिनं गवताच्या कोठारात उन्हाळी ऑपेरा सुरू केला होता. मुख्य गायक बाहेरचे, पण कोरस आसपासच्या हौशी लोकांचा. पोस्टमन होता, शाळेतल्या बाई होत्या, दातांचे एक डॉक्टर होते. लायब्ररीत जाहिरात पाहून बायको म्हणाली, "मला नेशील?"

ऑडिशनला तिनं विहारातलंच गाणं म्हटलं, दुसरं काही येतच नव्हतं. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. "शब्द शिकवता येतात," ती म्हणाली. "मंगळवारपासून ये."

भाजी चिरता चिरता बायको देवनागरीत लिहिलेलं इटालियन घोकायची. मी खुर्च्या मांडायचो, आमची लहानगी कपड्यांच्या ढिगावर झोपायची. मध्यंतरात प्रेक्षक हिरवळीवर चादरी पसरून जेवायचे आणि आमचा पोह्यांचा डबा कोरसमध्ये फिरायचा. ते काही उन्हाळे बायको निराळीच बाई होती. घरी येताना गाडीतही गात असायची.

मग पेपरात कौतुक छापून आलं. बॉस्टनहून गाड्या येऊ लागल्या, कोठार पाडून थिएटर बांधलं, हिरवळीवर टेबलं आणि शॅम्पेन आली. म्हातारीला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिच्या मुलानं कारभार हातात घेतला आणि एक मॅनेजर नेमला. त्यानं कोरसला बोलावून सांगितलं, यंदा न्यूयॉर्कचे प्रोफेशनल गायक येणार. "तुमचं योगदान आम्ही विसरणार नाही. व्हॉलंटिअर्स तर लागतीलच." मग बायकोकडे वळून हसला, "फूड टेंटमध्ये तुम्ही काही इंडियन बनवाल? समोसे वगैरे?"

"मी इथं गायला येते," ती म्हणाली.

"हो, अर्थातच," म्हणून तो पुढच्याकडे वळला. दातांचे डॉक्टर जमिनीकडे बघत होते.  मी खुर्च्या आवरायला लागलो.

गाडीत मी म्हणालो, "जाऊ दे यार."

"तिकडे पुऱ्या, इकडे समोसे," ती म्हणाली.

म्हातारीला भेटायला आम्ही एकदा गेलो. मुलानं दारातूनच सांगितलं, आई थकली आहे. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. नंतर महोत्सवाच्या इतिहासाची गुळगुळीत पुस्तिका निघाली. त्यात थिएटरच्या वास्तुशिल्पावर पानंच्या पानं होती. आमच्या उन्हाळ्यांना तीन शब्द मिळाले: सुरुवातीची हौशी वर्षं.

दशक संपता संपता महोत्सव बंद पडला आणि मुलानं टेकडी बिल्डरला विकली. ऐकून मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं चहा संपेपर्यंतही टिकलं नाही.

मुलगी तोवर मोठी झाली होती. एकदा जेवताना तिनं विचारलं, "मॉम, डिड यू रिअली सिंग?"

"थोडंफार," बायको म्हणाली आणि तिच्या ताटात भात वाढला.